पाळणाघरात सांगायचं कसं आणि ऐकायचं कसं: नव्या सुपरवायझर आणि नव्या ताईसाठी

कालपर्यंत मुलांची नाकं पुसणारी ताई आज सुपरवायझर होते. रजिस्टर कसं भरायचं, फीची पावती कशी फाडायची, हे तिला शिकवलं जातं. वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या मावशींना ‘हे असं करू नका’ कसं म्हणायचं, ते मात्र कुणी शिकवत नाही. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतलं दोन खोल्यांचं पाळणाघर असो की कॉलेज रोडवरचं एसी डे-केअर, घोडं इथेच अडतं.

मग होतं काय? एक तर मॅडम गप्प बसतात, महिनाभर मनात साठवतात आणि एखाद्या शनिवारी सगळं एकदम बाहेर काढतात. नाही तर लेकी बोले सुने लागे. मावशींना ऐकू जाईल अशा बेताने दुसऱ्याच ताईला सुनवायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आल्यापासून हे फारच सोपं झालंय. ‘सर्वांनी कृपया स्वच्छतेकडे लक्ष द्यावे’ असा मेसेज रात्री दहाला पडतो. जिच्यासाठी तो असतो ती अंगठा दाखवून मोकळी होते आणि बाकीच्या चौघी रात्रभर ‘माझ्याबद्दल तर नसेल?’ करत बसतात.

हा लेख अशा नव्या सुपरवायझरसाठी आहे, तसाच पहिल्यांदा कामाला लागलेल्या ताईसाठीही. अंगणवाडीतल्या सेविका-मदतनीस जोडीलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सुरुवातीलाच: काही गोष्टी ‘सूचना’ नसतात

जानेवारी उजाडला की नाशिकमध्ये डब्याडब्यांतून द्राक्षं यायला लागतात. कुणाच्या निफाडच्या मामाची, कुणाच्या दिंडोरीच्या आत्याची. दीड वर्षाच्या मुलाच्या हातात अख्खं द्राक्ष दिसलं, तर दुपारी निवांत बोलू म्हणून थांबायचं नाही. द्राक्ष गोल, गुळगुळीत, आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमकं अडकून बसेल अशा मापाचं. पाच वर्षांखालच्या मुलांना ते उभं चिरून, चार फोडी करूनच द्यायचं. तेव्हा सरळ जायचं, मुलाच्या हातातून द्राक्ष घ्यायचं आणि म्हणायचं, ‘मावशी, थांबा. अख्खं नको.’ एवढंच. आवाज चढवायचा नाही आणि तिथे उभं राहून कारणंही सांगत बसायचं नाही, कारणं दुपारी. अख्खे शेंगदाणे, उघडी पाण्याची बादली, डायपर बदलताना टेबलावर एकटं सोडलेलं बाळ, या सगळ्याला हाच नियम.

दुसरा प्रकार याहून गंभीर. मुलाला मारणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, उपाशी ठेवणं, हे ‘ताईंना समजावून सांगते’ म्हणून मिटवायचे विषय नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने तो केला तर शिक्षा आणखी कडक, पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हाच. संस्थेचं नाव खराब होईल, ही सबब तिथे चालत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर ऑफिसच्या भिंतीवर दिसेल असा लावून ठेवा.

हे दोन प्रकार बाजूला काढले की जे उरतं ते रोजचं काम, आणि सूचना त्याच्यासाठी. भरवणं, झोपवणं, रडणाऱ्याला शांत करणं, शी-शू, बोलण्याची भाषा.

आधी बघा, मग लिहा

नवी सुपरवायझर पहिल्याच आठवड्यात मत बनवते: या ताई चांगल्या, त्या मावशी चिडक्या. मत बनवायला हरकत नाही, ते वहीत लिहू नका. वहीत फक्त डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं लिहायचं. ‘मावशी मुलांशी नीट वागत नाहीत’ या वाक्याचं काय करायचं? मावशी म्हणतील ‘वागते की’, तुम्ही म्हणाल ‘नाही वागत’, आणि बोलणं तिथेच संपेल.

त्याऐवजी हे बघा: ‘मंगळवार, सकाळी ११.१०. जेवणाआधी हात धुणं. मावशींनी दोन वर्षांच्या मुलीला एका मनगटाला धरून बेसिनपर्यंत उचललं. मुलगी रडली नाही. मागे पाच मुलं रांगेत.’ यात मावशींच्या स्वभावाबद्दल अवाक्षर नाही, पण कामाचं सगळं आहे. लहान मुलाला एका हाताने, मनगटाला धरून उचललं की कोपरातलं हाड जागेवरून सरकू शकतं. मग मूल हात लुळा सोडून बसतं, हलवत नाही, आणि कुणाला कळतही नाही काय झालं. म्हणजे हे बोलायला हवं. पण नोंदीतला शेवटचा भागही विसरू नका: रांगेत पाच मुलं आणि उंच बेसिन.

निरीक्षणाचं हे वळण आपल्याकडे नवं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला तेव्हापासून, आधी मुलाकडे बघा आणि मग शिकवा, हा बालशिक्षणाचा पायाच मानला गेला. मुलाकडे बघायला आपण शिकलो. सोबत काम करणाऱ्या बाईकडे तसंच, न रागावता बघायचं राहून गेलं.

अंगणवाडीत याची अडचण वेगळी. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज मुख्य सेविका, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, भेटीला येतात तेव्हा बराचसा वेळ रजिस्टरं आणि पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमधल्या नोंदी तपासण्यात जातो. वजन भरलं का, हजेरी जुळते का, बस. सेविका मुलांना गोष्ट कशी सांगते, हे बघायला पंधरा मिनिटंही उरत नाहीत. माझं मत विचाराल तर ती पंधरा मिनिटं आधी काढा, भेटीच्या सुरुवातीलाच. रजिस्टर कुठे पळून जात नाही, मुलं मात्र खिचडी खाऊन घरी जातात.

बघताना चांगलंही लिहा. भिडस्त मुलाला एखाद्या ताईने कसं खेळात ओढलं, डबा सांडल्यावर ती काय बोलली. हे उदारपणा म्हणून नाही. जे चांगलं चाललंय ते नेमकं माहीत असलं तरच ‘हे असंच चालू ठेवा’ म्हणता येतं, आणि तीही सूचनाच.

वेळ

पाळणाघरात बोलायची जागा एकच, दुपारची. जेवणं उरकून मुलं आडवी झाली की साधारण दीड ते तीन. एकजणीला झोपलेल्या मुलांजवळ बसवा आणि स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात, दार लोटून, दहा मिनिटं बसा. सकाळी नको: पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या आया मूल हातात देऊन पळत असतात. संध्याकाळी तर नकोच. मावशींना सिटीलिंकची बस गाठायची असते, घरी कणीक मळायची असते, आणि तुम्ही म्हणता, ‘जरा बसा, एक बोलायचंय.’ त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि पुढचं एक अक्षर कानात शिरत नाही.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बोला. आठवड्यापूर्वीचं उकरून काढलं की बोलणं ‘मी असं केलंच नाही’वर जातं. मुलांसमोर, पालकांसमोर, दुसऱ्या ताईसमोर कधीच नाही. तीन वर्षांच्या मुलाला वाक्य कळत नसेल, पण कुणावर कोण ओरडलं ते पक्कं कळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते मावशींचं ऐकत नाही.

बोलायचं कसं

तीन गोष्टी, याच क्रमाने: मी काय पाहिलं, त्याने मुलाला काय होतं, आणि एक प्रश्न. प्रश्नानंतर गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

बेसिनचंच घ्या.

‘मावशी, सकाळी हात धुताना तुम्ही छोटीला एका हाताला धरून वर घेतलं, ते मी पाहिलं. एवढ्या लहान मुलांचं कोपर असं ओढल्याने निसटतं, म्हणून मला काळजी वाटली. त्या वेळी काय अडचण होते तुम्हाला?’

मावशी थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग: ‘मॅडम, बेसिन केवढं उंच आहे. काखेत धरून उचलायचं तर मला वाकावं लागतं, कंबर धरते. आणि मागची पोरं ढकलतात.’

आता खरं काय ते समोर आलं. मावशींच्या वागण्यापेक्षा बेसिनखाली पाट नाही, हा मोठा प्रश्न निघाला. लाकडी पाट ठेवा, पाचाऐवजी दोन-दोन मुलं पाठवा, आणि ‘उचलायचं झालंच तर दोन्ही काखांत धरून’ हे एकदा करून दाखवा. पण तुम्ही सुरुवातच ‘मावशी, मुलांना असं ओढतात का?’ अशी केली असती, तर पाटाचं कधी कळलंच नसतं. मावशी ‘चुकलं मॅडम’ म्हणाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी तुमची पाठ वळल्यावर तेच.

सांगण्याआधी स्वतःला एकदा विचारायचं: ही चूक माणसाची की मांडणीची? एका ताईकडे चौदा मुलं असतील तर ती घाईच करणार. तिला संयम शिकवण्याऐवजी मालकांकडे जाऊन आणखी एक माणूस मागा.

‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द तोंडातून काढून टाका. ‘तुम्ही नेहमी उशिरा येता’ म्हटलं की समोरची बाई मनातल्या मनात वेळेवर आलेले दिवस मोजायला लागते. तुलनाही नको. ‘त्या दुसऱ्या ताई बघा कशा छान करतात’ या एका वाक्याने एकाच वेळी दोघींशी वैर होतं.

एक पद्धत प्रशिक्षणात हमखास शिकवतात: आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. मला ती पटत नाही. महिन्याभरात सगळ्या ताया ओळखून असतात की मॅडमने ‘तुमचा स्वभाव फार गोड आहे हो’ म्हटलं की पुढे ‘पण’ येणार. मग खरं कौतुकही कुणी कानावर घेत नाही. कौतुक करायचं तेव्हा नुसतं कौतुक करा, तेही नेमकं: ‘आज तो नवा मुलगा रडत होता तेव्हा तुम्ही त्याला खिडकीपाशी नेऊन कबुतरं दाखवलीत, तो पाच मिनिटांत शांत झाला.’ एवढं सांगून निघून जा. ‘पण’ दुसऱ्या दिवशी.

भरवण्यावरून आणि धाकावरून बोलणं सगळ्यात नाजूक असतं, कारण मावशींनी स्वतःची मुलं तशीच वाढवलेली असतात. ‘गप्प बस, नाहीतर बागुलबुवा येईल’, ‘पोलीसकाकांना बोलावू का?’, नाक दाबून घास भरवणं. इथे ‘हे चुकीचं आहे’ म्हणालात, तर मावशींना ऐकू येतं ‘तुम्ही चुकीच्या आई आहात’. म्हणून त्यांच्या अनुभवाला हात न लावता मुलावर बोला: ‘दुपारी झोपताना बागुलबुवाचं नाव काढलं, तेव्हापासून तो लाइट बंद केला की दचकतो. आपण आजपासून दुसरं काही म्हणून बघूया का? तुम्हाला काय सुचतं?’ बऱ्याचदा त्यांनाच सुचतं, आणि पुस्तकातल्यापेक्षा बरं सुचतं. एखादी ओवी, एखादं अंगाईगीत, नाहीतर पाठीवर नुसता थोपटत ठेवलेला हात.

आणखी एक, खास आपल्याकडचं. एकाच पाळणाघरात बागलाण-मालेगावकडची अहिराणी बोलणारी मावशी असते, पेठ-सुरगाण्याकडची ताई असते, शहरात वाढलेली पदवीधर सुपरवायझर असते, आणि अंबडमध्ये तर निम्मे पालक हिंदीत बोलतात. एकीचं साधं बोलणं दुसरीला वसकन अंगावर आल्यासारखं वाटतं. कुणी मुलाला ‘काय रे, इकडे ये’ म्हणाली तर लगेच ‘भाषा सुधारा’ लिहू नका. मूल तिच्याकडे हसत गेलं का, ते बघा. सूर मुलाच्या तोंडावर वाचायचा.

आता ऐकणाऱ्या ताईसाठी

नवीन ताई, तुला कुणी काही सांगायला बसलं की पहिले दोन प्रकार आपोआप होतात. डोळ्यांत पाणी येतं, नाहीतर ‘पण मॅडम’ तोंडातून निघतं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, त्याची लाज नको. ‘एक मिनिट’ म्हणून पाणी पिऊन ये. ‘पण’ मात्र गिळायला शीक. समोरचीचं वाक्य पूर्ण होऊ दे.

मग विचार: ‘नक्की कधी?’ हा प्रश्न उद्धट नाही. ‘तुझं मुलांकडे लक्ष नसतं’ असं कुणी म्हटलं, तर तुला काय बदलायचं ते कळणारच नाही. ‘मॅडम, आज कधी असं वाटलं तुम्हाला?’ विचारलंस की उत्तर येतं: ‘साडेचारला, अंगणात, फोन हातात होता.’ आता तुझ्या हातात काही धरण्यासारखं आलं.

समजलेलं तुझ्या शब्दांत परत सांग. ‘म्हणजे अंगणात असताना फोन कपाटात ठेवायचा, आणि घरचा अर्जंट फोन आला तर आधी दुसऱ्या ताईला हाक मारायची, असंच ना?’

सांगितलेलं चुकीचं असेल तर तेही सांगायचं, फक्त पूर्ण ऐकल्यावर. ‘साडेचारला फोन हातात होता हे खरं. मुलाला ताप वाटला म्हणून त्याच्या आईला लावत होते.’ घडलं ते सांगणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. याउलट, खालमानेने ‘हो मॅडम, हो मॅडम’ करणं आपल्याकडे नम्रपणा समजला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला पटलं की नाही, हे कुणालाच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी ती न सांगता काम सोडून जाते.

लगेच उत्तर सुचत नसेल तर उद्यापर्यंत वेळ माग. आणि घरी जाताना दुसऱ्या ताईच्या स्कूटीवर बसून मॅडमची नक्कल करायचा मोह होईल. कर बापडी, सगळेच करतात. पण जे पटलं नाही ते उद्या मॅडमलाच सांग.

मॅडमनेही ऐकायचं

सूचना वरून खालीच वाहत राहिल्या तर त्यांना हुकूम म्हणतात. महिन्यातून एकदा तरी सुपरवायझरने स्वतःबद्दल विचारावं. मात्र ‘माझ्याबद्दल काय वाटतं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान आहे मॅडम’ हेच येणार, दुसरं काय येईल? छोटा, कामाचा प्रश्न विचारा: ‘सकाळी साडेसात ते साडेआठमध्ये मी काय वेगळं केलं तर तुमची धावपळ कमी होईल?’ मावशी म्हणतील, ‘तुम्ही दारात पालकांशी गप्पा मारता, तेव्हा मुलं आमच्याकडे ढकलली जातात.’ झोंबेल. तरी त्याच आठवड्यात काहीतरी बदलून दाखवा, आणि बदललं ते बोलून दाखवा. एकदा हे झालं की पुढच्या वेळी त्या स्वतःहून सांगायला येतात.

दारातले पालक

सन २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा आली. कारखान्याला जोडलेल्या पाळणाघरात त्यामुळे आई कोणत्याही क्षणी दारात उभी असते, आणि ती जे बघते तेच तिचं मत. शिफ्ट करून दमलेली आई ‘आज पण डबा तसाच?’ म्हणते, तेव्हा त्यात ताईवरचा राग कमी आणि स्वतःला दिवसभर मूल दिसलं नाही याची टोचणी जास्त असते. दारात खुलासे देऊ नका. ‘अर्धी पोळी आणि केळं खाल्लं, वरण-भात नको म्हणाला. उद्या काय करता येईल ते बघून सांगते’, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी उत्तर त्याच ताईने द्यायचं, मॅडमने नाही. नाहीतर पालकांच्या लेखी ताईची किंमत कायमची जाते.

पालकांची तक्रार ताईकडे जशीच्या तशी नेऊन आपटू नका. ‘त्या आई म्हणाल्या तुम्ही निष्काळजी आहात’ हे पोचवून काय मिळणार? आधी काय घडलं ते ताईकडून ऐका, हजेरीची आणि जेवणाची वही बघा, आणि मग बोला.

नंतर काय

बोलणं झाल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा तेच काम बघायला जा. बेसिनपाशी पाट आहे का, मुलं दोन-दोन येतात का, मावशी काखेत धरतात का. बदल दिसला तर तिथल्या तिथे, हलक्या आवाजात सांगा. नाही दिसला तर पुन्हा दुपारी बसा, पण या वेळी प्रश्न वेगळा: ‘आपण ठरवलं होतं, ते जमलं नाही. काय आड आलं?’ दुसऱ्यांदाही तेच झालं, तर काम बदलून बघा. काही माणसं भरवण्यात चिडतात आणि अंगणात रमतात. तिसऱ्यांदा मात्र ते लेखी द्यायचं: तारीख, काय पाहिलं, काय ठरलं, दोघींच्या सह्या, आणि एक प्रत ताईच्या हातात. हे कागद आणि निरीक्षणाची वही कुलपाच्या कपाटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातलं एक वाक्यही टाकायचं नाही, मालकांनी मागितलं तरी. त्यांना म्हणावं, ऑफिसात येऊन वाचा.